गोलंदाजाचें गणित आणि पैजेचा भाव

महाभारतांतील नलाख्यानांत एक मोठा मार्मिक प्रसंग आहे. राजा ऋतुपर्ण भरधांव रथांतून जात असतां वाटेवरील बेहड्याच्या झाडाकडे नुसती नजर टाकतो आणि त्याचीं पानें व फळें किती तें सांगतो. सारथ्याच्या वेषांतील नल रथ थांबवून मोजून पाहतो, तों संख्या बरोबर! मग ऋतुपर्ण त्याला अक्षविद्या देतो, आणि तिच्या बळावर नल गेलेलें राज्य द्यूतांतच परत जिंकतो. मोजणें आणि पण लावणें यांचें सख्य असें पुरातन आहे.

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें बेसबॉलच्या पैजांसाठीं केलेलें कोष्टक आम्हांस दाखविलें, तेव्हां ही कथा आठवली. कोष्टकांत प्रत्येक सामन्याचे दोन गोलंदाज समोरासमोर मांडले होते. "सर, हा जुगार नव्हे, अभ्यास आहे," असें त्याचें म्हणणें. याचा निवाडा त्या खेळाच्या इतिहासाकडूनच करून घ्यावा, असें आम्हीं ठरविलें.

क्रिकेटमध्यें षटकागणिक गोलंदाज बदलतो. बेसबॉलमध्यें तसें नाहीं. तेथें एकच गोलंदाज समोर येईल त्या प्रत्येक फलंदाजाला चेंडू टाकतो. पूर्वीं तर बहुधा नऊही डाव तोच टाकी. या कामाचा हातावर ताण फार, म्हणून सामन्यानंतर त्याला कांहीं दिवस विश्रांति द्यावी लागते. अर्थात् एकाच संघाचें बळ रोज निराळें असतें, आणि आज कोण चेंडू टाकणार यावरच पैजेचा भाव ठरतो. जाहीर झालेला गोलंदाज ऐन वेळीं उतरला नाहीं तर पैज रद्द व्हावी, अशी अट घालण्याची चालही त्यांतूनच पडली.

या गणिताचा पाया घातला हेन्री चॅडविक यानें. इंग्लंडांत 1824 मध्यें जन्मलेला हा वार्ताहर लहानपणींच अमेरिकेंत आला. सामन्याचा सारा हिशेब एका कोष्टकांत मांडण्याची पद्धत त्यानें 1859 च्या सुमारास रूढ केली. खेळाडूच्या गुणांना न्याय मिळावा, हा त्याचा हेतु. जुगाराचा तर तो कट्टर शत्रु. परंतु त्याचे आंकडे जुगाऱ्यांच्याही हातीं पडले. 1877 मध्येंच लुइव्हिलच्या चार खेळाडूंना लबाडीनें सामने हरल्याबद्दल खेळांतून कायमचें काढावें लागलें.

आंकड्यांवरून भाकित करणाऱ्यांत पुढें ह्यू फुलर्टन हा शिकागोचा वार्ताहर नांवाजला. 1906 च्या जागतिक मालिकेंत एका बाजूस 116 सामने जिंकलेला कब्ज संघ होता, दुसऱ्या बाजूस फलंदाजींत दुबळा म्हणून हिणविला गेलेला व्हाइट सॉक्स. फुलर्टननें हिशेब करून व्हाइट सॉक्स जिंकतील असें सांगितलें, आणि ते चार विरुद्ध दोन सामन्यांनीं जिंकले.

1919 मध्यें तोच व्हाइट सॉक्स संघ सिनसिनाटीविरुद्ध उभा राहिला. त्याचा अग्रणी गोलंदाज एडी सिकॉट याच्या नांवावर त्या वर्षीं 29 विजय व अवघे 7 पराभव होते. दुसरा, लेफ्टी विल्यम्स, याचे 23 व 11. तिसरा डिकी कर हा नवखा, 13 व 7 चा धनी. फुलर्टनचा कौल साहजिकच शिकागोला होता. पण मालिका सुरू होण्याच्या तोंडावर शिकागोकडे झुकलेला भाव एकाएकीं सिनसिनाटीकडे वळूं लागला. आंकडे तेच होते. बदललें होतें तें आंकड्यांपलीकडचें कांहींतरी.

1 ऑक्टोबर रोजीं सिकॉटनें पहिल्याच फलंदाजाच्या पाठींत चेंडू मारला. सौदा ठरल्याची ती जुगाऱ्यांना खूण होती. तो सामना शिकागोनें 9–1 असा गमावला. दुसऱ्यांत, अचूकपणाबद्दल ख्याति असलेल्या विल्यम्सनें चौथ्या डावांत तीन फलंदाजांना फुकट तळ बहाल केले. मालिका शिकागोनें पांच विरुद्ध तीन अशी घालविली. विल्यम्स तिन्ही सामने हरला, सिकॉट तिहींपैकीं दोन. आणि कागदावर तिसरा असलेला कर? कटाबाहेरचा हा मनुष्य आपले दोन्ही सामने जिंकला.

फुलर्टनचें भाकित फसलें. पण त्याचें गणित वायां गेलें नाहीं. नामांकित माजी गोलंदाज क्रिस्टी मॅथ्यूसन याला शेजारीं बसवून तो प्रत्येक संशयास्पद खेळाची नोंद करीत होता. काय घडावयास हवें हें ज्याला नेमकें ठाऊक, त्यालाच काय घडूं नये तें घडल्याचें कळतें. डिसेंबरांत त्यानें उघडपणें प्रश्न विचारला, तेव्हां कित्येकांनीं त्याची टर उडविली. पण 28 सप्टेंबर 1920 रोजीं सिकॉटनें 10,000 डॉलर घेतल्याचें ग्रँड ज्युरीपुढें कबूल केलें. 2 ऑगस्ट 1921 रोजीं न्यायालयांत आरोपी सुटले. तरी दुसऱ्याच दिवशीं आयुक्त लँडिस यांनीं आठही खेळाडूंना जन्माचें बाहेर घातलें. त्यांत कटाची माहिती असून गप्प राहिलेला बक वीव्हरही होता.

आज गणित पुष्कळ सूक्ष्म झालें आहे. फलंदाजानें मैदानांत मारलेला चेंडू झेलला जाईल कीं निसटेल, यावर गोलंदाजाचा ताबा आपण समजतों त्याहून फार थोडा असतो, हें 2001 मध्यें व्होरोस मॅक्रॅकन यानें दाखविलें. म्हणजे जय-पराजयाच्या आंकड्यांत दैवाचा वाटा मोठा. मग शेवटच्या पांच सामन्यांवरून काढलेल्या 'कला'ची किंमत ती काय? शिवाय जें सर्वांना ठाऊक, तें भावांत आधींच मिसळलेलें असतें. शंभर मिळविण्यासाठीं एकशेंदहा लावावे लागत असतील, तर एकवीस समान पैजांपैकीं अकरा जिंकूनही हातीं शून्यच उरतें.

2018 मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें खेळांवरील पैजांना मोकळीक देण्याचा मार्ग राज्यांना खुला केला. आतां सामन्यावरच नव्हे, एकेका चेंडूवर पैज लागते. नोव्हेंबर 2025 मध्यें क्लीव्हलंड संघाच्या दोन गोलंदाजांवर पैजबहाद्दरांच्या सोयीनें चेंडू टाकल्याचा आरोप ठेवण्यांत आला. त्यांनीं तो नाकारला. निकाल कांहींहि होवो, शंभर वर्षांपूर्वींचा प्रश्न पुन्हा दारीं आला खरा.

आमच्या विद्यार्थ्याला आम्हीं एवढेंच लिहिलें: तुझें कोष्टक उत्तम आहे, तें अवश्य ठेव, पैसे मात्र लावूं नकोस. गोलंदाजाच्या हाताचें बळ त्यांत मोजलें आहे, त्याच्या मनाचें नाहीं. झाडाचीं पानें मोजतां येतात, कारण झाडाला कोणी फितवूं शकत नाहीं. नलाला ऋतुपर्ण भेटला हें त्याचें भाग्य. पण हस्तिनापुरच्या सभेंत युधिष्ठिरासमोर शकुनि बसला होता, हेंही विसरूं नकोस.