हौशी विमानांतले रोटरी इंजिन : दोष आणि उपायांची वाटचाल

वँकेल रोटरी इंजिनात दट्ट्या नाही, झडपा नाहीत, कनेक्टिंग रॉडही नाही. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर लंबगोलसर पोकळीत फिरतो. त्याच्या तीन बाजू आणि पोकळीची भिंत यांच्यात तीन कप्पे तयार होतात. शोषण, दाब, ज्वलन आणि उत्सर्जन ही चारही कामे प्रत्येक कप्प्यात ओळीने होतात. रोटरची एक फेरी पूर्ण होईपर्यंत शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात, म्हणजे शाफ्टच्या दर फेरीला प्रत्येक रोटरकडून शक्तीचा एक धक्का मिळतो. कमी वजन, मोजके हलते भाग आणि नगण्य थरथर या गुणांमुळे विमान बांधणाऱ्यांचे लक्ष या इंजिनाकडे वळले.

फेलिक्स वँकेल यांचे पहिले इंजिन जर्मनीतील नेकार्सुल्म येथे, एनएसयू कंपनीत, फेब्रुवारी १९५७ मध्ये चालले. त्यात रोटरबरोबर बाहेरचे कवचही फिरत असे आणि साधा प्लग बदलायलाही इंजिन खोलावे लागे. हान्स डीटर पाश्के यांनी कवच स्थिर ठेवणारी रचना केली आणि मोटारींत तीच गेली. अमेरिकेत कर्टिस-राइट कंपनीने १९५८ मध्येच परवाना घेतला होता. तिचे दोन रोटरचे इंजिन लॉकहीडच्या क्यू-स्टार या आवाज न करणाऱ्या प्रायोगिक विमानात बसले, पण कारखानी विमानांत ते रुजले नाही.

इंजिन टिकाऊ झाले ते हिरोशिमात. तोयो कोग्यो, म्हणजे आजची माझदा, हिने १९६१ मध्ये परवाना मिळवला. रोटरच्या टोकांवरील सील भिंतीवर थरथरत घासून खाचा पाडत. तिथल्या अभियंत्यांनी त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हटले. केनिची यामामोतो यांच्या चमूने ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची सील वापरून हा दोष काबूत आणला आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही मोटार बाजारात आली. १९७८ नंतर आरएक्स-७ अमेरिकेत भरपूर खपली. काही वर्षांत अपघातग्रस्त गाड्यांची चालू इंजिने भंगारवाल्यांकडे स्वस्तात मिळू लागली.

अमेरिकेत हौशी विमानबांधणीची संघटना, एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, १९५३ पासून होती. अर्ध्याहून अधिक काम स्वतः केलेल्या विमानाला प्रायोगिक गटात परवाना मिळतो आणि त्यात प्रमाणित विमान-इंजिनच हवे असे बंधन नाही. लायकॉमिंग या विमान-इंजिन कंपनीचे नवे इंजिन अनेकांच्या आवाक्याबाहेर होते. माझदाचे दोन रोटरचे, १३०८ घनसेंटिमीटरचे १३बी इंजिन १६० ते २०० अश्वशक्ती देत असे, म्हणून आरव्ही आणि कोझीसारख्या घरी बांधायच्या विमानांत ते बसू लागले. इंजिनाचा गाभा क्वचितच दगा देई. त्रास होई तो त्याभोवती घरी जुळवलेल्या गोष्टींचा, आणि दुरुस्तीची विद्याही त्यांच्याभोवतीच वाढली.

पहिली अडचण वेगाची. इंजिनाची खरी ताकद मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या आसपास मिळते, तर पंख्याला साधारण २७०० पुरतात. मोटारींच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील ग्रहीय गिअर वापरून वेग उतरवणारे संच तयार झाले. मंद वेगात शाफ्टची पिळवटणारी थरथर गिअरच्या दात्यांवर येऊन खडखडाट होई. शाफ्ट आणि गिअर यांच्यात लवचीक बुश बसवणे आणि आयडलिंगचा वेग वाढवणे हे त्यावरचे उपाय ठरले.

सर्वांत चिवट प्रश्न तापमानाचा. रोटर आतून तेलाने थंड होतो, त्यामुळे बाहेर काढायच्या उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भाग तेलाच्या वाट्याला येतो. चढताना पाण्याचा काटा जागेवर आणि तेलाचा काटा लाल रेषेकडे, ही नेहमीची तक्रार. सुरुवातीला प्रत्येकजण मोठा कूलर लावी. खरा दोष बहुधा हवेच्या वाटेत असे. क्युखेमान आणि वेबर यांच्या विमानप्रेरणेवरील १९५३ च्या ग्रंथातील आकृत्या पाहून लोकांनी हळूहळू रुंदावणारी नळी बनवली, म्हणजे हवेचा वेग कमी होऊन दाब वाढतो आणि ती कूलरच्या सर्व भागांतून सारखी जाते. मोटारींच्या एअर कंडिशनरचे इव्हॅपोरेटर रेडिएटर म्हणून वापरण्याची युक्तीही याच मंडळींची.

झडप नसल्याने धूर एकदम आणि फार गरम बाहेर पडतो. साध्या पोलादाच्या नळ्या भाजून जात, सायलेन्सरच्या आतले पडदे तुटून उडून जात. जाड स्टेनलेस स्टील आणि पुढे इन्कोनेल हा उष्णता सोसणारा मिश्रधातू वापरल्यावर हे थांबले.

ठिणगीसाठी प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात : खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. उड्डाणापूर्वी एकेक जोडी बंद करून पाहतात. ट्रेलिंग बंद केल्यावर वेग थोडा आणि लीडिंग बंद केल्यावर जास्त उतरला, तर जोडणी ठीक. इंजिन सुरू होते पण जोर धरत नाही, अशा वेळी तारांची अदलाबदल आधी तपासतात. शिसेयुक्त विमान-पेट्रोलने प्लगवर थर चढतो आणि मिश्रण दाखवणारा ऑक्सिजन सेन्सरही निकामी होतो, म्हणून शक्यतो मोटारीचे पेट्रोल वापरले जाते. ते तापून नळीत वाफ धरते. त्यासाठी इंधननळ्या धुराच्या नळ्यांपासून दूर नेतात.

इंजेक्टरचे दोन संच असतात. दुसरा संच सुरू होताना इंजिन अडखळले, तर इंधन ठरवणाऱ्या संगणकाच्या तक्त्यातील, तो संच ज्या दाबाला सुरू होतो त्याच्याजवळचेच आकडे बदलतात. सीलला वंगण देणारा मूळ पंप काढून बहुतेकजण गॅलनभर पेट्रोलमध्ये एक औंस टू-स्ट्रोक तेल मिसळतात, कारण त्याची राख इंजिनच्या तेलापेक्षा कमी होते.

सील तपासण्याची रीत सोपी आहे. झडप काढलेले प्रेशर गेज प्लगच्या छिद्राला लावायचे, स्टार्टर फिरवायचा आणि काट्याच्या तीन उड्या पाहायच्या. टोकावरचे सील दोन शेजारच्या कप्प्यांत सामाईक असते, त्यामुळे दोन उड्या बसक्या आणि एक चांगली असेल तर दोष टोकावरच्या सीलचा. एकच बसकी असेल तर रोटरच्या सपाट बाजूच्या सीलवर संशय घेतात. सील मोडले तरी इंजिन सहसा जागीच अडकत नाही. कमी ताकदीने चालत राहते आणि विमान उतरवायला वेळ मिळतो.

माझदाच्या आरएक्स-८ या रोटरी मोटारीचे उत्पादन २०१२ मध्ये थांबल्यावर जुन्या इंजिनांचा ओघ आटला आणि तयार पर्यायही वाढले. जर्मनीच्या श्लायशर कंपनीच्या एएसएच २६ ई ग्लायडरमध्ये मात्र ५० अश्वशक्तीचे एका रोटरचे इंजिन प्रमाणित होऊन बसले. तिथे इंजिन, थंडाव्याची सोय आणि धुराची नळी यांची जुळणी कारखान्यातच झालेली असते. हौशी बांधणाऱ्यांना हेच काम प्रत्येक विमानासाठी नव्याने करावे लागले.