पियानो ब्लॅक : ओरखडे, निवारण व प्रतिबंध

मोटारीच्या डॅशबोर्डवर, गिअरभोवतीच्या कन्सोलवर आणि दारांवरील बटणांभोवती बसवलेल्या चकचकीत काळ्या प्लॅस्टिकला वाहन उद्योगात ‘पियानो ब्लॅक’ म्हणतात. गाडीच्या अंतर्भागात ओरखडे सर्वांत लवकर आणि सर्वांत ठळक दिसतात ते याच भागावर. त्यांतले बहुतेक वापरामुळे नव्हे, तर पुसण्यामुळे पडलेले असतात.

पूर्वपीठिका : पूर्व आशियातील लाखकाम, त्याची युरोपात १७ व्या शतकापासून झालेली नक्कल आणि पियानोवरचे काळे रोगण ही या लकाकीची परंपरा होय.

साहित्य : हे भाग मुख्यतः दोन पद्धतींनी बनतात. एका पद्धतीत एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट व एबीएस यांच्या मिश्रणाचा भाग साच्यात ओततात, तो काळा रंगवतात आणि वर पॉलियुरेथेनचा किंवा अतिनील प्रकाशात पक्का होणारा क्लिअर कोट देतात. दुसऱ्या पद्धतीत काळा रंग प्लॅस्टिकमध्येच मिसळलेला असतो. साच्याची आतली बाजू आरशासारखी घासलेली असल्यामुळे भाग चकचकीत होऊनच बाहेर पडतो. यासाठी ॲक्रिलिक किंवा त्याची मिश्रणे वापरतात. नुसत्या नजरेने हा फरक सहसा कळत नाही. पॉलिश करताना फडके काळे होऊ लागले, तर वर क्लिअर कोट नाही किंवा होता तो घासून गेला, असे समजावे.

ओरखडा दिसतो कसा : ॲक्रिलिकचा अपवर्तनांक सुमारे १.४९ आहे. त्यावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के पृष्ठभागावरून परततो आणि उरलेला आतला काळा रंग गिळून टाकतो. पांढऱ्या किंवा करड्या प्लॅस्टिकमध्ये आतून परतणारा प्रकाश इतका असतो की बारीक चऱ्याने विखुरलेला प्रकाश त्यात लपून जातो. काळ्या भागावर त्याला लपायला जागाच नसते. म्हणूनच तेवढाच ओरखडा करड्या पट्टीवर शोधावा लागतो आणि काळ्या पट्टीवर डोळ्यांत खुपतो.

उन्हात किंवा टॉर्चच्या उजेडात दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे खरोखर वर्तुळाकार नसतात. चरे सगळ्या दिशांना असतात. त्यांपैकी प्रकाशबिंदूभोवतीच्या वर्तुळाला स्पर्शिकेप्रमाणे असलेले तेवढे चमकून डोळ्यापर्यंत पोचतात. टॉर्च बाजूला सरकवला की ते जाळेही सोबत सरकते.

कठिनता : रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. मोस श्रेणीत क्वार्ट्झची कठिनता ७ आहे, म्हणजे प्लॅस्टिकच काय, खिडकीच्या काचेहूनही अधिक. लेपांची कठिनता मात्र वेगळ्याच कसोटीने मोजतात. ठरावीक कठिनतेची पेन्सिल ४५ अंशांत धरून ७५० ग्रॅम भाराखाली पृष्ठभागावरून ढकलतात व कोणत्या पेन्सिलीने चरा पडतो ते पाहतात (आयएसओ १५१८४). सिरॅमिक कोटिंगच्या जाहिरातीतला ‘९ एच’ हा आकडा या पेन्सिल श्रेणीतला आहे, मोस श्रेणीतला नाही. पेन्सिलीला दाद न देणारा लेपही वाळूच्या कणापुढे टिकत नाही. ग्राहकांची सर्वाधिक दिशाभूल याच ठिकाणी होते, म्हणून येथे मुद्दाम नोंदवले आहे.

ओरखड्यांची कारणे : प्लॅस्टिक वीजरोधक असल्याने कोरड्या फडक्याने घासले की त्यावर स्थिर विद्युतभार साठतो आणि धूळ पुन्हा खेचली जाते. मालक पुन्हा पुसतो आणि चरे वाढत जातात. टिश्यू पेपरमधले लाकडाचे तंतू व जुन्या बनियनच्या शिवणीही या पृष्ठभागाला पुरेशा खरखरीत असतात. सोसायटीत रोज गाडी पुसून घेण्याची पद्धत असते तेथे एक बादली आणि एकच फडके अनेक गाड्यांवर फिरते. चाकांजवळची माती पुसलेले तेच फडके डॅशबोर्डवर येते. पुसणाऱ्याला बोल लावण्यापेक्षा आतल्या भागासाठी वेगळे फडके मालकाने स्वतः द्यावे. किल्ल्या, नाणी, अंगठी आणि मोबाइल यांनी पडणारे चरे संख्येने कमी, पण खोल असतात.

महाराष्ट्रात दसऱ्याला वाहनाची पूजा होते. डॅशबोर्डवर पडलेल्या अक्षता, कुंकू व उदबत्तीची राख हाताने किंवा पदराने झटकू नये. ब्लोअरने उडवावी आणि उरलेले ओल्या फडक्याने टिपून घ्यावे. हळदीचा डाग घासण्याची घाई करू नये. त्यातला रंग उजेडात हळूहळू फिका पडतो.

निवारण : ओरखडा ‘निघतो’ म्हणजे त्याच्या आजूबाजूचे साहित्य चऱ्याच्या तळापर्यंत घासून काढले जाते. त्यामुळे प्रत्येक पॉलिशबरोबर थर पातळ होतो. हा उपाय क्वचितच करायचा आहे.

आधी धूळ उडवून, सौम्य शाम्पूचे दोन थेंब घातलेल्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मायक्रोफायबरने भाग टिपून घ्यावा. मग ओरखड्यावरून आडवे नख फिरवावे. नख अडकले तर चरा खोल आहे आणि पॉलिशने तो फार तर बोथट होईल. अडकले नाही तर कडांना व सांध्यांना मास्किंग टेप लावावी, मऊ फोम पॅडवर वाटाण्याएवढे फिनिशिंग पॉलिश घ्यावे आणि हलक्या हाताने, थोड्या थोड्या जागेवर काम करावे. मशिन वापरल्यास वेग कमी ठेवावा. एबीएस आणि ॲक्रिलिक सुमारे १०० अंश सेल्सिअसजवळ मऊ पडतात आणि एकाच जागी फिरणारे पॅड पृष्ठभाग सहज तापवते. छापील चिन्हे असलेल्या बटणांवर पॉलिश करू नये, चिन्हेच पुसली जातात. गॅरेजमधले रबिंग कंपाउंड बाहेरच्या रंगासाठी असते, येथे ते फार भरड ठरते. वॉटर पेपरचा वापर (२००० किंवा ३००० क्रमांकाचा, पाणी लावून) फक्त जाड क्लिअर कोटवर आणि जाणकाराच्या हातूनच व्हावा.

टूथपेस्टबद्दल मतभेद आहेत. तिच्यातील सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेट घासते हे खरे, पण ते या कामासाठी निवडलेले नसते आणि सांध्यांत पांढरी पूड अडकून राहते. हॉट एअर गनचा उपाय चकचकीत भागावर करू नये. भरणी करणाऱ्या ग्लेझने चरे झाकले जातात, जात नाहीत.

द्रावके व तडे : ओरखड्यापेक्षा हे नुकसान गंभीर आहे, कारण ते पॉलिशने भरून येत नाही. साच्यात थंड होताना प्लॅस्टिकमध्ये ताण अडकून राहतो, विशेषतः कडा, स्क्रूची भोके आणि क्लिप यांच्याजवळ. अशा ताणलेल्या ॲक्रिलिकला अल्कोहोल लागले की बारीक तड्यांचे जाळे पडते. पॉलिकार्बोनेटला अमोनिया बाधतो आणि काच पुसण्याच्या काही द्रवांत तो असतो. ॲसिटोन, म्हणजेच अनेक नेलपॉलिश रिमूव्हरमधला मुख्य घटक, एबीएस व ॲक्रिलिक दोन्ही विरघळवतो. थिनरही वर्ज्य. कोविडच्या साथीत सॅनिटायझर गाडीत कायमचा आला. हातावरचा सॅनिटायझर पूर्ण वाळल्याशिवाय या भागांना हात लावू नये. कलंडलेल्या सुगंधी द्रवाच्या बाटलीनेही लकाकी कायमची जाऊ शकते. वर अखंड क्लिअर कोट असेल तर धोका कमी होतो.

प्रतिबंध : सर्वांत टिकाऊ उपाय थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनच्या पारदर्शक फिल्मचा. तिची जाडी साधारणपणे १५० ते २०० मायक्रॉन असते आणि हलके चरे उष्णतेने तिच्यातच भरून येतात. या प्रकारच्या फिल्मचा उगम व्हिएतनाम युद्धात अमेरिकी हेलिकॉप्टरांची पाती वाळूपासून वाचवण्याच्या गरजेतून झाला. फिल्म नवी गाडी घेतानाच लावावी. नंतर लावल्यास जुने चरे तिच्याखाली राहतात. सिरॅमिक कोटिंगमुळे पुसणे सोपे होते, खोल चऱ्यांपासून संरक्षण बेताचेच.

मायक्रोफायबर सुती कपड्यांपासून वेगळे, फॅब्रिक सॉफ्टनर न घालता धुवावे. जमिनीवर पडलेले फडके धुतल्याशिवाय वापरू नये. रोजच्या धुळीसाठी मऊ केसांचा ब्रश पुरतो.

भाग बदलणे : खोल चरा किंवा तडा असल्यास हाच मार्ग उरतो. एअरबॅगजवळचे पॅनेल अधिकृत कार्यशाळेतच उघडावे.