दिनविशेष : ४ ऑक्टोबर – मुंबईत एनबीएचा पहिला सामना

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा भारतातील पहिला सामना ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये शालेय विद्यार्थ्यांच्या जल्लोषात रंगला. प्रत्येक संघ ज्यात ८२ साखळी सामने खेळतो, त्या मुख्य हंगामापूर्वीची ही सराव लढत असल्याने तिचा निकाल गुणतक्त्यात धरला जाणार नव्हता. तरीही निर्धारित ४८ मिनिटांत बरोबरी झाल्यावर, ५ मिनिटांच्या जादा वेळेत इंडियाना पेसर्सने सॅक्रामेंटो किंग्जवर १३२-१३१ अशी अवघ्या एका गुणाने मात केली. किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे यांचा जन्म मुंबईचा असल्याने, जन्मगावी त्यांचा संघ मैदानात उतरल्याची ही घटना महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासात अभिमानाने नोंदवावी अशीच आहे.