पोर्ट्रेट मोडमधला ब्लर: लेन्सचा किती, सॉफ्टवेअरचा किती?

फोटोत पुढे-मागे जेवढ्या अंतरातल्या गोष्टी स्पष्ट दिसतात, त्या पट्ट्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. हा पट्टा अरुंद असला की चेहरा स्पष्ट येतो आणि मागचं सगळं धूसर होतं.

मोठ्या कॅमेऱ्यात हे काम लेन्स करते. ५० मिमी फोकल लेंथची एफ १.८ लेन्स घ्या. ५० ला १.८ ने भागा, उत्तर साधारण २८. म्हणजे प्रकाश आत येतो ते भोक २८ मिमी रुंद. तुमच्या फोनवरही एफ १.८ लिहिलेलं असेल, पण त्याच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ ६-७ मिमीच्या आसपास असते. (माहितीत दिसणारा '२४ मिमी' हा मोठ्या कॅमेऱ्याच्या तुलनेतला आकडा.) भागाकार केला तर भोक जेमतेम ४ मिमी! म्हणून नुसता एफचा आकडा बघून फोन घेऊ नका.

एवढ्याशा भोकातून दोन मीटरवरच्या माणसाचं बॅकग्राउंड फारसं धूसर होत नाही. मग फोन अंतराचा अंदाज बांधतो. २०१६ च्या आयफोन ७ प्लसमध्ये दोन लेन्सच्या चित्रांतल्या फरकावरून अंतर काढलं जायचं, आपले दोन डोळे करतात तसंच. २०१७ च्या पिक्सेल २ ने मागच्या एकाच कॅमेऱ्यावर भागवलं: प्रत्येक पिक्सेलच्या दोन अर्ध्या भागांतला बारीकसा फरक, आणि माणूस कुठे संपतो ते ओळखणारं मशीन लर्निंग मॉडेल. त्यानंतरचा ब्लर हा निव्वळ हिशोब.

हिशोब चुकतो तो कडांवर. मोकळे केस, चष्म्याची काडी, झुमके, काचेचा ग्लास. ताईच्या लग्नात मामेभावाने आजीचा सुंदर फोटो काढला, पण गजऱ्याची कडेची फुलं मागच्या मांडवात विरघळून गेली. त्याच्या फोनमध्ये मूळ फाइल होती, त्यामुळे एडिटमध्ये जाऊन ब्लर कमी करता आला. आम्हाला मेसेजवर आलेल्या कॉपीत अंतराची माहितीच उरली नव्हती, तिथे काहीच करता येईना. तेव्हा फोटो पाठवण्याआधी झूम करून कान-केस बघा, आणि मूळ फाइल डिलीट करू नका.

खरा ब्लरही थोडा मिळवता येतो. माणसाला भिंतीला टेकवून उभं करू नका, मागे चार-पाच मीटर मोकळी जागा ठेवा. वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर ती वापरा. मुख्य कॅमेरा घेऊन चेहऱ्याच्या अगदी जवळ गेलात तर नाक मोठं दिसतं. ब्लरचा स्लायडर मी तरी निम्म्यापेक्षा खालीच ठेवतो, चुकलेल्या कडा कमी उठून दिसतात. आणि ग्रुप फोटोला पोर्ट्रेट मोड नको, मागच्या रांगेतले काका धूसर होतात.