आमची टुरिंग टॉकीज

आपल्या भिवपुरीचं वीजघर 1922 सालचं. माझं बालपण मात्र जनरेटरच्या धडधडीत गेलं, कारण घरचा धंदा तंबूतल्या सिनेमाचा!

दिवाळी झाली की आमचा ट्रक जत्रांमागे निघायचा. मार्गशीर्षात पुसेगाव, पौषात खंडोबाची पाल. ट्रकमध्येच मशीन बसवलेलं. 35 मिमीचं हजार फुटी रीळ जेमतेम 11 मिनिटं चाले. दोन-दोन जोडून लावायचो, तरी मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की पडदा काळा आणि तंबूत शिट्ट्या. संपलेलं रीळ उलटं गुंडाळणं माझं काम. वडिलांची नजर कार्बनच्या कांड्यांवर. जळतील तशा त्या जवळ सरकवायच्या, नाहीतर चित्र अंधुक व्हायचं.

तंबूत मधोमध दोर, एकीकडे बाया, दुसरीकडे बाप्ये. 1975 चा 'जय संतोषी माँ' लागला की बाया चपला बाहेर काढून यायच्या आणि पडद्याकडे नाणी टाकायच्या. आई ती वेचायची. घरात कितीही ओढाताण असो, ते पैसे तिने गल्ल्यात घातले नाहीत, जत्रेतल्या देवालाच वाहिले.

टीव्हीने तंबू बुडवले, असं लोक म्हणतात. टीव्ही आणि व्हिडिओने गर्दी कमी केली हे खरंच, पण मला विचाराल तर शेवटचा घाव डिजिटलचा. नव्या सिनेमाची रिळंच मिळेनाशी झाली.

मशीन भंगारात वजनावर गेलं. वडील काही बोलले नाहीत, फक्त भिंग काढून घेतलं. ते आता आमच्या कपाटात आहे. सोसायटीतली पोरं उन्हात कागद जाळायला मागतात. मी देत नाही.