भोगवर्धनची भेट

नाताळ तोंडावर आला की जालन्याच्या बाजारात गव्हाणीचे संच दिसू लागतात. प्लास्टरचे बाळ येशू, पवित्र मरिया, संत योसेफ, तिन्ही ज्ञानी आणि मेंढरे एका पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंबलेली असतात. खोक्यावर किंमत असते, घडविणाऱ्याचे नाव नसते. आम्हीही अशी खोकी वर्षानुवर्षे घरी आणली, आप्तांना भेट म्हणून दिली, आणि त्यात वावगे काही वाटले नाही. परंतु आपल्याच जिल्ह्यातील एका जुन्या गावाचा इतिहास वाचता वाचता या सवयीविषयी मनात थोडी टोचणी लागली. ती कशी, हे वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

ते गाव म्हणजे केळना नदीकाठचे भोकरदन. प्राचीन काळी त्याचे नाव भोगवर्धन. पैठणहून उत्तरेकडे, अजिंठ्याच्या बाजूने उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवर ते वसले होते. येथल्या दात्यांचा उल्लेख दूर सांचीच्या स्तूपावरील लेखांत सापडतो, यावरून गावाच्या संपन्नतेची कल्पना यावी. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते हे त्या कामाचे धुरीण होते. (जालना जिल्हा तेव्हा अस्तित्वातच नव्हता, तो १ मे १९८१ रोजी झाला.) पांढरीच्या मातीतून सातवाहनकाळातील मणी, बांगड्या, मातीच्या लहान मूर्ती असा कारागिरांच्या गावाला साजेसा ऐवज निघाला. त्यातच हस्तिदंतात कोरलेल्या एका स्त्रीमूर्तीचा खालचा भाग होता.

हा तुकडा पाहून अभ्यासकांना इटलीची आठवण झाली. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली पाँपेई हे रोमन नगर गडप झाले. तेथील एका घरात १९३८ साली हस्तिदंताची भारतीय मूर्ती सापडली होती. सुमारे वीतभर उंचीची, अलंकारांनी मढलेली स्त्री आणि तिच्या दोन बाजूंना दोन चिमुकल्या परिचारिका. कोणी तिला लक्ष्मी म्हणतात, कोणी यक्षी. डोक्यापासून खाली गेलेले छिद्र पाहता ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या आसनाचा पाय असावा. आरंभी विद्वानांनी तिचे माहेर मथुरेला शोधले. पुढे तेर आणि भोकरदन येथे तशाच घडणीच्या मूर्ती मिळाल्यावर त्यांचे लक्ष दख्खनकडे वळले, आणि भोकरदनचे नाव आवर्जून घेतले जाऊ लागले. मूर्तीवर खरोष्ठी लिपीतील अक्षर आहे व ती लिपी वायव्येकडची, म्हणून वाद पुरता मिटलेला नाही. तरीही त्या मूर्तीची सख्खी बहीण आपल्या भोकरदनच्या मातीत निजली होती, एवढे निर्विवाद आहे.

हा माल समुद्रापार कसा जाई? त्याच शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या नाविकांच्या पुस्तकात याचे उत्तर आहे. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर त्याच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर, असे त्यात नोंदले आहे. आडवाटांनी बैलगाड्या भडोचला जात; पैठणचा अकीक आणि तेरचे सुती कापड तेथून गलबतांवर चढे. याच पुस्तकात अरबस्तानच्या किनाऱ्यावरील ऊद आणि गंधरसाची बंदरेही आली आहेत. संत मत्तयने वर्णिलेल्या ज्ञानी पुरुषांनी बेथलेहेमच्या बाळापुढे ठेवलेल्या भेटींपैकी दोन याच बंदरांतून जगभर जात. पैठणचा गाडीवान आणि उदाचा व्यापारी एकाच दर्यावर्दी पुस्तकाच्या पानांत भेटतात, याची आम्हांला मोठी गंमत वाटली.

त्या काळच्या रोममध्येही डिसेंबर हा भेटींचा महिना होता. १७ डिसेंबरला सॅटर्नेलिया सण सुरू होई आणि त्याच्या अखेरीस ‘सिगिलारिया’ नावाची जत्रा भरे. तिच्यात मातीच्या लहान बाहुल्या विकत; मेणबत्त्या आणि बाहुल्या एकमेकांना देण्याची रीत होती. मार्शल नावाच्या कवीने अशा भेटींवर दोन दोन ओळींचे एक पुस्तकच रचले. त्यात हस्तिदंताची पेटी आहे, तसाच मातीचा हर्क्युलीसही आहे. धनिकाची भेट आणि गरिबाची भेट शेजारी शेजारी. नाताळ म्हणजे त्याच सणाचे रूपांतर, असे घाईने सांगणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्यात नाही. तो वाद विद्वानांतही मिटलेला नाही. आम्हांला एवढेच दिसते की कारागिराच्या हातून वस्तू घ्यावी आणि प्रियजनाच्या हाती द्यावी, ही रीत फार जुनी आहे आणि त्या व्यवहारात आपल्या परिसरातील हातांनाही वाटा होता.

ते हात कोणाचे होते? भोकरदनच्या दंतकाराचे नाव कोणालाही ठाऊक नाही. सांचीच्या दक्षिण तोरणावर मात्र विदिशेच्या दंतकारांनी हे कोरीवकाम आपण केले असे स्पष्ट लिहून ठेवले आहे. ते वाचताना आम्हांला आपल्या गावगाड्याची आठवण होते. कुंभार, सुतार, लोहार, चांभार, दोर वळणारा मातंग हे सारे गावाचे बलुतेदार. खळ्यावर त्यांना धान्य मिळे; वस्तूला दाम आणि करणाऱ्याला मान मिळेच असे नाही. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, आपण कॅथलिक. पण येथील ख्रिस्ती इतिहास त्यांना वगळून सांगता येणार नाही. त्यांच्याकडे आलेल्यांत मातंग कुटुंबे पुष्कळ होती. ज्यांच्या आज्यापणज्यांनी कासरे वळले, झाडू बांधले अशी घरे आज आपल्या मंडळींतही आहेत. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला. तेव्हापासूनच्या काळात आपली मुले शिकली, नोकरीला लागली. हे चांगलेच झाले. पण शिकलेल्या घरात जुन्या हातकामाची लाज शिरली, हेही खरे. घरातील म्हाताऱ्याने वळलेला दोर नाताळची भेट म्हणून देण्याची कल्पना कोणाला सुचली नाही. आम्हांलाही नाही.

हस्तिदंताचा व्यापार आपल्या कायद्याने बंद केला आहे, आणि हत्तींसाठी ते योग्यच झाले. परंतु माती, बांबू, लोकर यांवर बंदी नाही. पाँपेईची ती मूर्ती आज नेपल्सच्या राष्ट्रीय पुराणवस्तु संग्रहालयात आहे. त्याच नेपल्स शहरात सान ग्रेगोरिओ आर्मेनो ही गव्हाणीच्या कारागिरांची गल्ली आहे. तेथे मातीच्या मूर्ती घडविणाऱ्यांची दुकाने एकाला एक लागून आहेत, आणि नाताळच्या आधी तेथे पाय ठेवायला जागा नसते. इटलीतच ग्रेच्चो येथे संत फ्रान्सिसने १२२३ साली गव्हाणीचा देखावा उभा केला, तेव्हा त्याने खरा बैल आणि खरे गाढव आणविले होते.

हे सारे डोक्यात घेऊन आम्ही एका वर्षी नोव्हेंबरात भोकरदन तालुक्यातील एका कुंभाराच्या अंगणात गेलो. गव्हाणीसाठी मूर्ती करून द्याल का, असे विचारले. तो हसला. माणसे जमतील की नाही सांगता येत नाही, म्हणाला. चेहरा हे अवघड काम. मेंढरे होतील. बैल तर पोळ्याला डझनाने करतो. गाढव कसे करणार, असे आम्ही विचारताच त्याच्या बायकोने अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट दाखविले. माती वाहणारे त्यांचे गाढव तेथेच बांधलेले होते.

किमतीत आम्ही घासाघीस केली नाही. बाजारातल्या खोक्यापेक्षा ती काही जास्त नव्हती. अडचण वेळेची होती. वाळायला दिवस लागतात, मग भट्टी. आणि डिसेंबरच्या मध्यापासून त्याचे चाक संक्रांतीच्या सुगडांना लागते, तेव्हा दुसरे काम घेता येत नाही. ‘पुढल्या वर्षी दिवाळी झाली की लगेच या,’ तो म्हणाला. त्या वर्षी आम्हांला बैल, गाढव आणि सहा मेंढरे मिळाली. एका मेंढराचा कान भट्टीत उडाला होता. पवित्र कुटुंब मात्र जुन्या खोक्यातलेच ठेवावे लागले. आता आगमनकाळाचा पहिला रविवार येण्याच्या महिनाभर आधीच आम्ही त्याच्याकडे जातो. गेल्या खेपेस त्याने मरियेचा चेहरा करून पाहिला होता. तो थोडा त्याच्या बायकोसारखा दिसतो.