झांकणाचें कुलशील

घरगुती वस्तूंचें कुलशील शोधूं लागलें म्हणजे प्रथम पेटंटचें दप्तर चाळण्याचा मोह होतो. परंतु तें दप्तर अर्धीच साक्ष देतें. अमेरिकेंतील टपरवेअर डब्यांचेंच पाहा. त्यांचें द्रव्य पॉलिएथिलीन. तें १९३३ सालीं इंग्लंडांत आय. सी. आय. कंपनीच्या प्रयोगशाळेंत, भलताच प्रयोग चालला असतां, अकल्पितपणें हातीं लागलें व महायुद्धांत रडारच्या तारांचें वेष्टन म्हणून राबलें. युद्धानंतर अर्ल टपर यानें त्याचे मऊ, न फुटणारे डबे साच्यांतून काढले आणि रंगाच्या डब्याच्या झांकणावरून हवाबंद झांकण बेतलें. पेटंट त्याच्या नांवें आहे, तें यथान्यायच होय.

तथापि दुकानांत या डब्यांस फारसें गिऱ्हाईक मिळेना. झांकणाची कड किंचित् उचलून आंतील हवा काढावी लागे. ही युक्ति प्रत्यक्ष दाखविल्यावांचून कोणास उमगत नसे. ती दाखविली गृहिणींनीं, शेजारणींस घरीं बोलावून. ही रीत नवी नव्हती; कुंचले विकणाऱ्यांनीं ती आधींच रूढ केली होती. पण ब्राउनी वाइझ या बाईनें तिला शिस्त लाविली, आणि १९५१ सालीं टपरनें दुकानें सोडून सारी विक्री तिच्यावर सोंपविली. १९५४ सालीं ‘बिझनेस वीक’च्या मुखपृष्ठावर तिची छबी झळकली. १९५८ सालीं तिला दूर करण्यांत आलें. कंपनींत तिचा एकही भाग नव्हता, आणि सुमारें वर्षाच्या पगारावर तिची बोळवण झाली! त्याच वर्षीं टपरनें कंपनी १ कोटि ६० लक्ष डॉलरांस विकली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत या डब्यांचा कर्ता म्हणून टपरचेंच नांव आहे.